आउटबोर्डचा ॲनोड: झिजण्यासाठीच लावलेला तुकडा

होडीच्या मागच्या कडेला टांगलेल्या आउटबोर्ड मशीनच्या मागे उभं राहा आणि पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या जरा वर बघा. आडव्या पट्टीच्या पोटाला माशाच्या परासारखा एक राखाडी तुकडा बोल्टने धरलेला दिसेल. सगळ्या मशीनला चकचकीत रंग आणि हा एकटाच उघडा. नव्या मालकाला वाटतं, रंगवायचा राहून गेलाय. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच वर्षी मी मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, घासूनपुसून रंगवला आणि जाता जाता त्या तुकड्यावरही ब्रशचे दोन हात मारले. एकसारखं, झकास दिसायला लागलं. पुढच्या हंगामात पंख्याच्या दांड्याभोवतीचा रंग फुगला. नखाने टोकरला तर खालून पांढरी भुकटी निघाली आणि भुकटी पुसल्यावर ॲल्युमिनिअममध्ये मसुराएवढे खड्डे दिसले. रंगवलेला तुकडा मात्र जसाच्या तसा होता. त्याला काहीच झालं नव्हतं, आणि नेमकं तेच बिघडलं होतं.

या तुकड्याला ॲनोड म्हणतात. धक्क्यावर सरसकट सगळे त्याला ‘झिंक’ म्हणतात, मग तो जस्ताचा असो वा नसो. त्याचं काम एकच: मशीनच्या आधी स्वतः विरघळणं. तो झिजतोय म्हणजे काम चाललंय. झिजत नसेल तर त्याच्या वाटणीचं दुसरं काहीतरी झिजतंय, आणि ते बहुधा त्याच्यापेक्षा कितीतरी महाग असतं.

आत काय चालतं

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडा आणि दोघांना खाऱ्या पाण्यात बुडवा, झाली बॅटरी तयार. आउटबोर्डमध्ये ही बॅटरी कारखान्यातूनच आलेली असते. पाय आणि बाहेरचं कवच ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचं. पंख्याचा दांडा, बोल्ट आणि पुष्कळदा पंखाही स्टेनलेसचा. अशा जोडीत जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळतो आणि दुसरा शाबूत राहतो. ॲल्युमिनिअम आणि स्टेनलेस यांच्यात हरणारा नेहमी ॲल्युमिनिअमच.

कोण किती सहज सोडतो हे व्होल्टमध्ये मोजता येतं. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे धातू मोजायचे तो ठरावीक तुकडा) धरून मोजलं, तर चांगलं स्टेनलेस शून्याच्या जरासं खाली असतं. ॲल्युमिनिअमचे मिश्रधातू साधारण उणे ०.७५ ते ०.९ व्होल्टवर, जस्त उणे १.०३ च्या आसपास, ॲनोडसाठी बनवलेलं खास ॲल्युमिनिअम उणे १.१ च्या आसपास आणि मॅग्नेशियम थेट उणे १.५ च्याही खाली. जो जास्त उणे, तो आधी जातो. म्हणून मशीनच्या ॲल्युमिनिअमपेक्षा जास्त उणे असलेला तुकडा जोडला की तो पुढे होतो आणि पाय वाचतो.

ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांबं खरंच वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात उतरायचं म्हणून जहाजाला शिंपले आणि शेवाळ धरत नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. झीज थांबली तशी जहाजांच्या बुडाला जंगलं वाढली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. तुमच्या मशीनला ही अडचण येणार नाही, पण ॲनोडने नेमकं काय वाचवायचंय हे आधी ठरवावं लागतं, ते तेव्हापासून.

आता तीन अटी, ज्यांच्याभोवती पुढचं सगळं फिरतं. ॲनोड पाण्यात बुडालेला हवा. ज्याला वाचवायचं त्याच्याशी तो धातूला धातू लागून जोडलेला हवा. आणि तो उघडा हवा: रंग नको, ग्रीस नको, पुटं नकोत. तीनपैकी एक अट मोडली तर तुम्ही मशीनला नुसतं वजन बांधलंय.

आधी धातू ठरवा

यात नवखे फार गोंधळतात. ते दुकानात जाऊन ‘या मशीनचा झिंक द्या’ म्हणतात आणि मिळेल तो लावतात. होडी कुठल्या पाण्यात उभी राहते, हे आधी बघायचं.

समुद्राच्या पाण्यात जस्त चालतं आणि ॲल्युमिनिअम त्याहून बरं चालतं. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनिअमच लावा. नदी किंवा तलावाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे ढकलण्याचा जोर जास्त असलेला धातू लागतो. जस्त गोड्या पाण्यात बसवलं तर त्यावर पांढरट कडक पुटं चढतात आणि ते झोपी जातं. वरून धडधाकट दिसतं, खाली पाय खाल्ला जात असतो.

उलट चूकही तितकीच महागात पडते. ‘मॅग्नेशियम जास्त जोरकस, मग समुद्रातही तेच लावू’ असं म्हणणारे भेटतात. समुद्रात मॅग्नेशियम बघता बघता संपतं, आणि संपेपर्यंत ॲल्युमिनिअमवर नको इतका विजेचा दाब टाकतं. त्या दाबाने पृष्ठभागापाशी अल्क तयार होतं. ॲल्युमिनिअमला अल्क सोसत नाही, रंग फोड आल्यासारखा उठतो. म्हणजे जिथे संरक्षण कमी तिथे खड्डे, आणि जिथे अति तिथे फोड.

मला विचाराल तर होडी कधी खाडीत, कधी समुद्रात जात असेल तर डोळे मिटून ॲल्युमिनिअम घ्या. हल्ली बऱ्याच कंपन्या नव्या मशीनला तेच लावून देतात. एक किलो जस्त साधारण ७८० ॲम्पिअर-तास काम करतं, तर एक किलो ॲनोडचं ॲल्युमिनिअम २,५०० च्या आसपास. ॲल्युमिनिअम हलकं असल्याने त्याच आकाराच्या तुकड्यात इतका मोठा फरक राहत नाही, तरी ते सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त टिकतं. शिवाय जस्ताच्या ॲनोडमध्ये थोडं कॅडमियम घातलेलं असतं, ते पाण्यात सोडायला नको.

पण हे ॲल्युमिनिअम म्हणजे भंगारातला तुकडा नव्हे. शुद्ध ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पापुद्रा लगेच चढतो आणि ते ॲनोड म्हणून निकामी ठरतं. तो पापुद्रा धरू नये म्हणून त्यात ५ टक्क्यांच्या आसपास जस्त आणि अगदी चिमूटभर इंडियम मिसळलेलं असतं. जस्ताच्या ॲनोडचंही तसंच: त्यात लोखंडाचा अंश जरा वाढला की ते पुटं धरून बसतं. म्हणून पाकिटावर जस्तासाठी एमआयएल १८००१ आणि ॲल्युमिनिअमसाठी एमआयएल २४७७९ हे अमेरिकी सैन्याचे मानक क्रमांक शोधा. घरी ओतलेला तुकडा कुणी प्रेमाने दिला तर जाळ्याला वजन म्हणून वापरा.

एकाच मशीनवर दोन धातूंचे ॲनोड मिसळू नका. जास्त उणे असलेला एकटा सगळं काम ओढतो आणि लवकर संपतो. हातातला तुकडा कशाचा हे वजनावरून कळतं: जस्त हाताला चांगलंच जड लागतं, ॲल्युमिनिअम त्याच्या निम्म्याहूनही कमी, मॅग्नेशियम त्याहून हलकं.

सगळे ॲनोड शोधा

एक दिसला म्हणून थांबू नका. कागदावर मशीनचं ओबडधोबड चित्र काढा आणि सापडेल तिथे फुली मारा.

पहिला तो पंख्याच्या वरचा पर. काही मशीनवर तिथे पराऐवजी चपटी चकती असते. दुसरा पायाच्या बाजूला किंवा पाणी आत जायच्या जाळीजवळ, छोट्या चौकोनी वड्यांसारखा. तिसरा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित, मशीन होडीला ज्या ब्रॅकेटने धरलेलं असतं त्याच्या अगदी खालच्या कडेला आडवी पट्टी. मशीन वर उचलल्यावर पाण्यात उरतो तो हाच, आणि ब्रॅकेटचं आणि ट्रिमच्या, म्हणजे मशीन वर-खाली करणाऱ्या, सिलिंडरचं सगळं ओझं त्याच्यावर पडतं.

चौथा दिसतच नाही. बऱ्याच चार-स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, थंड पाण्याच्या वाटेवर, बोटाच्या पेराएवढे ॲनोड छोट्या झाकणांखाली बसवलेले असतात. ते कुठे आहेत आणि किती तासांनी बघायचे हे मशीनच्या पुस्तकात असतं. हे विसरले गेले की चुरा होऊन पाण्याच्या वाटेत अडकतात. मग मशीन तापतं, मालक बिचारा इंपेलर (थंड पाणी खेचणारं रबरी चाक) बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो, आणि तरी तापतंच. ही झाकणं उघडाल तेव्हा खालचं गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घाला. जुनी परत लावून पाणी गळलं तर ते थेट इंजिनावर गळतं.

झीज कशी वाचायची

चांगला चालणारा ॲनोड ओबडधोबड दिसतो: खरबरीत, खड्डे पडलेला, कडा गोल झालेल्या. हात फिरवला की थोडी राखाडी पूड लागते. सुंदर दिसत नाही, दिसूही नये.

निम्मा संपला की बदला. काही कंपन्या याहून जास्त झीज चालवून घेतात, पण मी निम्म्यावरच थांबतो. तुकडा जसा लहान होतो तसा त्याचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग घटतो, आणि बोल्टभोवतीचं भोक मोठं होऊन एके दिवशी तो गळून पडतो. तुम्हाला कळतं पुढच्या वेळी होडी वर काढल्यावर.

निम्मा म्हणजे किती, हे डोळ्याने ठरवणं अवघड. म्हणून नवा तुकडा बसवण्याआधी छोट्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला काढून, पुटं घासून, धुऊन, वाळवून पुन्हा तोला. ३०० ग्रॅमचा १५० वर आला असेल तर वाद उरत नाही.

हंगामभर पाण्यात राहूनही नवाकोरा दिसणारा ॲनोड बघून आनंद मानू नका. चारपैकी काहीतरी झालंय: त्यावर रंग आहे, पुटं आहेत, तो चुकीच्या धातूचा आहे, किंवा मशीनशी त्याचा विजेचा संबंध तुटलाय. शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

बदलायची रीत

किल्ली काढा, बंद करायच्या बटणाची दोरी काढा, बॅटरीची ऋण तार सोडवा. पंख्याजवळ हात घालताना हे तिन्ही केलेलं हवं, चौथी सवय मशीन न्यूट्रलमध्ये ठेवायची.

पराचा बोल्ट सोडण्याआधी त्याचा कोन टिपून ठेवा. हा पर नुसता ॲनोड नसतो. पंख्याच्या फिरण्याने हँडल एका बाजूला ओढतं, ते सावरण्यासाठी तो किंचित तिरपा लावलेला असतो. पर आणि पाय दोघांवरून जाणारी रेघ मार्कर पेनने ओढा. पेन्सिलीने नको. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनिअमच्या तुलनेत स्टेनलेससारखंच ‘श्रेष्ठ’ वागतं आणि उघड्या ॲल्युमिनिअमवर राहिलं तर त्या रेघेवरच खड्डे पाडायला लागतं. रेघ पुसली गेलीच तर घाबरू नका: सरळ लावा, होडी चालवून बघा, आणि होडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूला पराचं मागचं टोक थोडं वळवा.

बऱ्याच मशीनवर पराचा बोल्ट खालून नव्हे तर वरून, पायाच्या मागच्या बाजूला असलेल्या भोकातून सुटतो आणि भोकावर रबरी किंवा प्लॅस्टिकचं टोपण असतं. ते न बघता पर पक्कडीने पिरगाळणारे मी पाहिलेत.

बोल्ट अडला असेल तर जोर करू नका. ॲल्युमिनिअममध्ये स्टेनलेसचा बोल्ट वर्षानुवर्षं राहिला की मधली पांढरी भुकटी सिमेंटसारखी धरते. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर सोडा, सकाळी आधी थोडं घट्ट करून मग सैल करा. मागेपुढे, मागेपुढे. डोकं तुटलेला बोल्ट काढायला जेवढा वेळ लागतो त्यात दहा ॲनोड बदलून होतात.

तुकडा निघाला की ज्या जागेवर तो बसतो ती जागा बघा. सगळं काम इथे आहे, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. ती जागा पांढरट किंवा काळपट असेल, कदाचित रंगाचे थेंबही असतील. बारीक पॉलिश पेपरने घासा, जोपर्यंत ॲल्युमिनिअम चांदीसारखं चमकत नाही तोपर्यंत. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि स्वतःच नवीन कुरापत काढतात. नव्या ॲनोडची मागची बाजूही घासा, ओतकामाचा पापुद्रा तिथे असतो. बोल्टच्या डोक्याखालची जागा, वॉशर आणि बोल्टचे आटेही स्वच्छ करा.

आता कोरडंच बसवा. मधे ग्रीस नको, सील लावायचा गोंद नको, रबरी वॉशर नको. ‘आटे अडू नयेत म्हणून थोडं ग्रीस’ हा मोह इथे आवरा; लावायचंच असेल तर पुस्तकात जे आणि जेवढं सांगितलंय तेवढंच, आणि तांब्याची किंवा ग्रॅफाइटची पेस्ट तर अजिबात नाही. बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवळा. मग रेघ जुळली का बघा.

शेवटी ॲनोडवर मास्किंग टेप लावून ठेवा, जर त्याच दिवशी कुणी मशीन रंगवणार असेल. आणि टेप काढायला विसरू नका. हे सांगायला नको, तरी सांगतो.

मल्टिमीटर लावून खात्री

साधा मल्टिमीटर पुरतो. ओहमवर लावा आणि आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून किती आकडा येतो बघा, समजा ०.३ आला, तर तो तारांचाच रोध. बॅटरी सोडवलेली असू द्या. आता एक टोक ॲनोडवर दाबून खरवडा आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवरच्या उघड्या बोल्टला लावा. तारांचा रोध वजा केल्यावर एक ओहमच्या आत यायला हवं. तसंच पंख्याच्या दांड्याशी करा. दांडा बेअरिंगमधल्या तेलावर फिरतो, म्हणून आकडा नाचतो. हाताने दांडा हळू फिरवत चार-पाच ठिकाणी बघा.

ब्रॅकेटच्या ॲनोडपासून पायापर्यंतही मोजा. मशीन डावी-उजवी वळतं आणि वर-खाली होतं, त्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात. म्हणून ब्रॅकेट, मधला भाग आणि पाय यांना जोडणाऱ्या छोट्या उघड्या तारा दिलेल्या असतात. त्यातली एखादी तुटली की तो भाग एकटा पडतो. माझ्या ओळखीतल्या एका मशीनचा ट्रिमचा सिलिंडरच खात होता, बाकी सगळं नवं. वीतभर तार तुटलेली निघाली, तिच्या टोकाला हिरवी पूड जमलेली.

अजून एक पायरी पुढे जायचं तर संदर्भ इलेक्ट्रोड घ्या, तो मल्टिमीटरला लावता येतो. होडी काही तास पाण्यात शांत उभी राहू द्या. इलेक्ट्रोड मशीनच्या पायाजवळ पाण्यात सोडा, त्याची तार मीटरच्या ‘कॉमन’मध्ये आणि लाल टोक मशीनच्या उघड्या धातूवर, मीटर डीसी व्होल्टवर. समुद्राच्या पाण्यात उणे ०.९५ ते उणे १.१ च्या दरम्यान आकडा आला तर ॲल्युमिनिअम सुरक्षित आहे. उणे ०.८ च्या आसपास असेल तर ॲनोड पोहोचत नाहीये. उणे १.२ च्या पलीकडे गेला तर दाब अति होतोय.

महिनाभरात ॲनोड गायब झाला तर

हिशेब करून बघू. समजा मशीनच्या धातूंच्या आपसातल्या खटपटीने १० मिलीॲम्पिअर प्रवाह सतत वाहतोय. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे ८७.६ ॲम्पिअर-तास, त्याला सुमारे ११२ ग्रॅम जस्त लागतं. हे रास्त आहे. आता होडीच्या तळातल्या पंपाच्या तारेचं आवरण फाटलं, ती तळाच्या पाण्यात टेकली आणि बॅटरीतून एक ॲम्पिअर मशीनच्या धातूतून बाहेर पाण्यात निघाला. एका दिवसात ३१ ग्रॅम जस्त संपतं. आठवड्यात २०० ग्रॅमचा ॲनोड साफ. त्यानंतर पाळी पायाची: दिवसाला ८ ग्रॅम ॲल्युमिनिअम, तेही सगळीकडून सारखं नाही, एखाद्या कोपऱ्यातून.

म्हणून ॲनोड फार वेगाने संपला की मोठा ॲनोड लावणं हा उपाय नव्हे. गळती शोधा. तळातले पंप, त्यांचे फ्लोट स्विच, तळाच्या पाण्यात भिजणारे जोड, होडी सोडताना चालूच राहिलेला बॅटरीचा मुख्य स्विच. एकेक सर्किट बंद करत संदर्भ इलेक्ट्रोडचा आकडा कधी बदलतो ते बघितलं की चोर सापडतो.

मरीनात, म्हणजे होड्या उभ्या करायच्या बंदिस्त धक्क्यात, उभ्या होडीला आणखी एक वाट असते. किनाऱ्याची वीज घेतली की अर्थिंगच्या तारेने शेजारच्या सगळ्या होड्या एकमेकींना जोडल्या जातात. शेजाऱ्याने ॲनोड बदलले नसतील तर तुमचा ॲनोड त्याची होडी वाचवायला लागतो. त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं उपकरण मिळतं, ते हा क्षीण डीसी प्रवाह अडवतं आणि बिघाडाचा एसी प्रवाह मात्र जाऊ देतं. अर्थिंगची तार तोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने माणूस जातो.

तांब्याचा अंश असलेला शेवाळरोधक रंग मशीनच्या पायावर लावू नका. ॲल्युमिनिअमवर तांबं म्हणजे घरात बोलावलेलं भांडण. पायासाठी तांबंविरहित रंग वेगळा मिळतो.

वर उचललेलं मशीन

इथे फसणारे सगळ्यात जास्त. होडी उभी करताना मशीन वर उचलायची सवय चांगली आहे, पण पूर्ण उचला. अर्धवट उचललं की पर आणि वड्या पाण्याबाहेर येतात आणि पायाचं खालचं टोक तेवढं बुडालेलं राहतं. पहिली अट मोडली: ॲनोड कोरडा, धातू ओला. आठ-दहा महिने अशी उभी असलेली होडी मी पाहिलीय. पायाच्या खालच्या सुळक्याचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं आणि वरचा पर झळझळीत नवा. पूर्ण वर उचलता येत नसेल तर सरळ खाली राहू द्या. आणि पूर्ण वर उचललंत तर ब्रॅकेटच्या खालच्या पट्टीवर लक्ष ठेवा, कारण आता तिची एकटीची ड्यूटी चालू आहे.

स्टेनलेसचा पंखा बसवणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. ॲल्युमिनिअमच्या पंख्याच्या जागी स्टेनलेसचा मोठा पृष्ठभाग पाण्यात आला की ॲनोडवर ओझं वाढतं. पहिल्या हंगामात तपासण्या दुप्पट करा.

ॲनोडला न जमणारं

ॲनोड पाण्याखालच्या, पाण्याला लागलेल्या भागाचंच रक्षण करतो. मशीनच्या वरच्या झाकणाखालच्या, म्हणजे टोपाखालच्या, इंजिनावर बसणारी खारट वाफ, तारांचे जोड, आतल्या वाटांत वाळून साठलेलं मीठ, यांच्याशी त्याचा संबंध नाही. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने मशीन धुवा. कानाला लावायच्या हेडफोनसारखे दिसणारे पाण्याचे कप जाळीवर बसवून मशीन आयडलला १०–१५ मिनिटं चालवा, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून ब्लॉकमधूनही पाणी फिरेल. पाणी आधी सोडा, मशीन नंतर सुरू करा. कोरडं चालवलं तर इंपेलरचं रबर काही सेकंदांत जळतं. बऱ्याच नव्या मशीनला नळी जोडायचं वेगळं तोंड असतं, ते पुष्कळदा मशीन बंद ठेवूनच वापरायचं असतं. कुठलं काय ते पुस्तकात बघा. धुऊन झालं की टोपाखाली गंजरोधक फवारा मारा.

पायावर रंग खरवडला गेला असेल तर तिथला डाग लहान असतानाच भरा: पांढरी भुकटी घासून काढा, ॲल्युमिनिअमसाठीचा प्रायमर, वर रंग. उघडा पडलेला प्रत्येक ठिपका ॲनोडचं काम वाढवतो.

तपासणी किती वेळा? नवीन होडी, नवीन जागा असेल तर पहिले तीन महिने दर महिन्याला. झिजण्याचा वेग कळला की हंगामात दोनदा पुरतं. टोपाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने एक कागद लावा आणि त्यावर तारीख, धातू, वजन, ओहम एवढंच लिहा. माझ्या मशीनवरच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय: ‘पर, ॲल्युमिनिअम, बिनरंगाचा.’